कासिताचा चिखल: तीन मिनिटं आणि आठ हजार वर्षं

आवाज आधी आला. वाचलेल्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितलं की तो हेलिकॉप्टरसारखा वाटला. पाऊस कित्येक दिवस थांबला नव्हता, ओढेनाले दुथडी भरून वाहत होते, रस्ते तुटले होते. अशा वेळी वरून घरघर ऐकू आली तर माणूस काय समजेल? मदत आली, असंच. काही जण तर बघायला म्हणून घराबाहेर आले.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर १९९८. सकाळी साडेदहा-अकराचा सुमार. घरघर कासिता या डोंगराची होती. ती कानावर पडल्यापासून अडीच ते तीन मिनिटांत एल पोर्वेनीर आणि रोलान्दो रोद्रिगेस ही दोन गावं जवळपास सगळ्या माणसांसकट गाडली गेली. सुमारे २,५०० माणसं. घटनेचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिकांनी धरलेला हा आकडा आहे. काही अंदाज मात्र याहून बरेच कमी, दोन हजारांच्याही खाली आहेत.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाच्या वायव्य कोपऱ्यातल्या पोसोल्तेगा तालुक्याचं हे प्रकरण. असं काही घडलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: भोंगा हवा होता, पूर्वसूचनेची यंत्रणा हवी होती. भोंग्याला माझा विरोध नाही. पण तीन मिनिटांत म्हातारी माणसं आणि कडेवरची पोरं घेऊन सव्वा किलोमीटर रुंद चिखलाच्या वाटेतून कोण बाहेर पडणार होतं? या प्रकरणात वेळ भरपूर होता, फक्त तो त्या सकाळी नव्हता. तो कुठे गेला हे शोधायचं तर आधी डोंगर आणि त्याखालचा माळ बघावा लागतो.

डोंगर

निकाराग्वाच्या पॅसिफिक किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची एक रांग आहे, कोर्दिएरा दे लोस मारिबिओस. त्यात सान क्रिस्तोबाल हा १,७४५ मीटरचा, देशातला सर्वांत उंच ज्वालामुखी. तो अधूनमधून राख आणि धूर ओकत असतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. त्याला अगदी खेटून १,४०५ मीटर उंचीचा कासिता उभा आहे. हा शांत. झाडांनी झाकलेला आणि जवळजवळ निजलेला.

ज्वालामुखी निजला म्हणजे तो धडधाकट असतो असं मात्र नाही. कासिताच्या पोटातून गरम, आम्लयुक्त वाफा हजारो वर्षं वर येत राहिल्या आहेत. अशा वाफा खडकातून फिरत राहिल्या की कठीण खडक हळूहळू मऊ पडतो, त्याची चिकणमाती होते. वरून रंग शाबूत आणि आतून ओल धरलेली भिंत आपण पाहिलेली असते. बोट लावलं की पोपडा हातात येतो. कासिताचा माथा तसा होता. त्यात हा डोंगर स्वतःच्याच वजनाने सावकाश बसत, फाकत चालला होता, त्याच्या अंगावर भेगा होत्या, असं नंतर उपग्रहचित्रांवरून काम करणाऱ्या अभ्यासकांनी दाखवलं. जंगलतोडीमुळे हे झालं असंही तेव्हा बरंच बोललं गेलं. खालच्या उतारांवर झाडं कमी झाली होती हे खरं. पण जो तुकडा सुटला तो माथ्याजवळचा, खोल खडकातून निखळलेला होता. मुळांनी धरून ठेवावा असा तो थर नव्हता. ‘झाडं तोडली म्हणून’ हे उत्तर सोपं आणि नैतिकदृष्ट्या सोयीचं असतं, म्हणून ते प्रत्येक दरडीला चिकटवलं जातं. इथे ते फारसं लागू पडत नाही.

माळ

डोंगराच्या पायथ्याला लेओन आणि चिनान्देगाचं मैदान पसरलं आहे. ज्वालामुखीच्या राखेची काळी, भुसभुशीत, देशातली उत्तमांतली जमीन. १९५० नंतर या मैदानावर कापूस आला आणि मोठ्या बागाईतदारांनी जमीन गिळली. ऊस आधीपासून होताच. शेजारच्या चिचिगाल्पाचा साखर कारखाना प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्या मक्याचा तुकडा कसणारे शेतकरी मजूर झाले किंवा वर डोंगराकडे सरकले.

१९७९ मध्ये सांदिनिस्ता या डाव्या बंडखोरांची क्रांती झाली. सोमोसा घराण्याची सत्ता गेली आणि जमीन वाटपाचा कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या जमिनींवर सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांच्याभोवती नव्या वस्त्या वसल्या. एल पोर्वेनीर आणि रोलान्दो रोद्रिगेस त्यांतल्याच. एल पोर्वेनीर या शब्दाचा अर्थ ‘येणारा काळ’, ‘भवितव्य’. नाव ठेवणाऱ्यांनी ते मनापासून ठेवलं असणार. घराण्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी नावावर जमीन झाली होती.

हे सांगायचं कारण असं की ‘धोक्याच्या जागी लोक राहतातच कशाला’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो आणि तो विचारणाऱ्याच्या पायाखाली बहुधा फरशी असते. ही माणसं अडाणीपणाने तिथे गेली नव्हती. जमीन मिळाली तिथे गेली. आणि जमीन चांगली होती. ती इतकी चांगली का होती, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी विचारला नाही.

आठवडा

मिच हे चक्रीवादळ २२ ऑक्टोबरला कॅरिबियन समुद्राच्या नैऋत्य भागात जन्मलं. २६ तारखेला ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत पोचलं. वारे ताशी २८५ किलोमीटरच्या आसपास, केंद्रातला दाब ९०५ मिलिबार. मग ते होंडुरासच्या किनाऱ्यासमोर येऊन जवळजवळ थबकलं. २९ तारखेला जमिनीवर आलं तोवर वाऱ्याचा जोर बराच ओसरला होता आणि श्रेणी झपाट्याने खाली येत होती. बातम्यांत आकडा उतरतो आहे म्हटल्यावर ऐकणाऱ्याचा जीवही खाली पडतो. वाईट टळलं असं वाटतं.

वादळाचा केंद्रबिंदू निकाराग्वावरून गेलाच नाही. पण चक्रीवादळाची श्रेणी वाऱ्याची असते, पाण्याची नसते. होंडुरासवर रेंगाळणारं मिच दक्षिणेकडून पॅसिफिकची वाफ ओढून घेत राहिलं आणि ती वाफ मारिबिओसच्या रांगेवर आपटत राहिली. आपल्याकडे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जे जुलैत होतं तेच, फक्त न थांबता. चिनान्देगाच्या परिसरात त्या महिन्यात सरासरीच्या कित्येक पट पाऊस झाला. एकट्या ३० तारखेला जवळपास ५०० मिलिमीटर. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर ज्यांच्या डोक्यात आहेत त्यांना ५०० कमी वाटतील. पण हे ५०० आठवडाभर भिजलेल्या, आधीच तुडुंब झालेल्या डोंगरावर पडत होते.

सकाळी साडेदहानंतर माथ्याजवळचा, दक्षिणेकडच्या उताराचा एक तुकडा सुटला. उद्रेक नाही, भूकंप नाही. नुसतं पाणी.

लोंढा वाटेत कसा वाढला

या प्रकरणाचा माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सुटलेला तुकडा फार मोठा नव्हता. ज्वालामुखींच्या कडा कोसळण्याच्या इतिहासात तो किरकोळच म्हणावा लागेल. तेवढाच दगडमातीचा ढीग घसरला असता तर तो पायथ्याशी कुठेतरी पसरून थांबला असता आणि गावांपर्यंत आवाजाशिवाय काही पोचलं नसतं. पण ढीग उतारावरून येताना फुटला, भुगा झाला, त्यातलं पाणी सुटं झालं आणि डोंगराच्या पायथ्याशी तो गढूळ पुरासारखा उतरला. त्यात घन भाग ६० टक्क्यांपेक्षा कमी होता, म्हणजे तो अजून दाट चिखल झालेला नव्हता, पाणचट पूरच होता.

इथून गोष्ट उलटते. गढूळ पाण्याला भूक असते. पुढच्या अडीच किलोमीटरच्या आत त्या पुराने ओढ्याचे काठ, तळ, शेतातली माती, जे सापडेल ते खरवडून पोटात घेतलं आणि तो सिमेंटच्या ओल्या गिलाव्यासारखा दाट झाला. अशा ज्वालामुखीय चिखलाच्या लोंढ्याला जगभर लाहार म्हणतात. शब्द जावा बेटावरचा आहे. पायथ्यापासून सहा किलोमीटर खाली हा लाहार १.२ किलोमीटर रुंद आणि ३ ते ६ मीटर खोल झाला होता. डोंगरावरून जेवढं सुटलं होतं त्याच्या किमान २.६ पट आणि मधल्या गढूळ पुराच्या ४.२ पट माल आता वाहत होता. त्यातल्या बारीक गाळाचा किमान ७८ टक्के भाग वाटेत उचललेला होता.

दुसऱ्या शब्दांत, गावांवर आलेला बहुतेक चिखल कासिताच्या माथ्यावरचा नव्हताच. तो वरच्या शेतांचा होता, तीच काळी, भुसभुशीत, भरघोस पिकणारी माती.

याचा व्यवहारातला अर्थ असा की नुसता कडा मोजून धोका कळत नाही. कडा लहान आहे, गाव लांब आहे, मध्ये सपाट माळ आहे, म्हणजे सुरक्षित आहे, हा हिशोब कागदावर बरोबर दिसतो. कासिताने तो खोटा ठरवला. मध्ये काय पडलं आहे, ते सुटं आहे का, ओलं आहे का, हे बघावं लागतं. मधला माळच लोंढ्याला खाऊ घालतो.

जमिनीने नोंद ठेवली होती

नंतर भूवैज्ञानिकांनी तिथल्या ओढ्यांच्या कापलेल्या काठांवरचे थर तपासले. दगडगोटे आणि माती एकत्र कालवलेला, कसलीही प्रतवारी नसलेला थर दिसला की तो जुना लाहार. असे थर सापडले, आणि ते एकापेक्षा जास्त होते. कार्बन कालमापनानुसार सुमारे ८,३३० वर्षांच्या काळात जवळपास याच आकाराचे किमान तीन लोंढे आधी येऊन गेले होते, आणि तेही सगळे डोंगराच्या एकाच बाजूने, ३० अंशांच्या पट्ट्यात.

३० अंश म्हणजे किती? घड्याळाच्या तबकडीवर मध्ये कासिता आहे असं समजा. एका तासाची फोड, तेवढाच पट्टा. डोंगराभोवती बाकीच्या अकरा फोडी होत्या, आणि दोन नव्या वस्त्या नेमक्या ज्या फोडीतून लोंढे येतात तिच्यात वसवल्या गेल्या. त्यात दैव वगैरे फारसं नाही. लोंढ्याने आणलेला गाळ जिथे पसरतो तिथे जमीन सपाट, खोल आणि सुपीक होते. ओढे जवळ असतात. वसाहतीसाठी माणूस जी जागा निवडेल तीच जागा आधीच्या लाहारांनी तयार करून ठेवलेली होती. ती चांगली का होती या मघाच्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता इथे स्वतःशीच थोडा वाद घालतो, कारण मागाहून शहाणपण सोपं असतं. आठ हजार वर्षांत तीन म्हणजे सरासरी अडीच-तीन हजार वर्षांतून एकदा. एवढ्या क्वचित येणाऱ्या गोष्टीसाठी ऐंशीच्या दशकातल्या, युद्धात होरपळणाऱ्या, गरीब देशाने भूमिहीनांना जमीन नाकारायला हवी होती का? कुठल्याही नियोजन अधिकाऱ्याने ही शक्यता बाजूला सारली असती आणि मी तिथे असतो तर कदाचित मीही सारली असती. फरक एवढाच की गाव जुनं असेल तर त्याला हलवणं महाग असतं: देऊळ हलवावं लागतं, स्मशान हलवावं लागतं, भांडणं हलवावी लागतात. गाव नवं असेल, नकाशावर अजून पेन्सिलची रेघच असेल, तर ती रेघ दोन-तीन किलोमीटर बाजूला ओढायला काही लागत नाही. शेत तिथेच ठेवून घरं बाजूला घेता आली असती. तेवढं सांगणारा एक भूगोलाचा माणूस वसाहत आखताना हजर असायला हवा होता, बस्स. आणि तेव्हाच्या निकाराग्वात ज्वालामुखीचा धोका म्हणजे उद्रेक, राख, लाव्हा अशीच समजूत होती. उद्रेकाविना, निव्वळ पावसाने ज्वालामुखी ढासळू शकतो हा मुद्दा धोक्याच्या नकाशांत बसवायला हवा, हे कासितानंतरच ठळकपणे मांडलं गेलं.

आपल्याला हसण्यासारखं यात काही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगण्यात आलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

नगराध्यक्षेची हाक

पोसोल्तेगाच्या नगराध्यक्षा होत्या फेलिसिता सेलेदोन. रस्ते आणि पूल गेलेले, गाव बाहेरच्या जगापासून तुटलेलं. वरची गावं गेली, शेकडो-हजारो माणसं चिखलाखाली आहेत, मदत पाठवा, अशी हाक त्यांनी रेडिओवरून दिली. राजधानी मानाग्वात ती अतिशयोक्ती समजली गेली. राष्ट्राध्यक्ष आर्नोल्दो आलेमान यांनी त्यांना वेडी म्हटलं, हे तेव्हा सर्वत्र छापून आलं आणि निकाराग्वात आजही विसरलं गेलेलं नाही.

सेलेदोन सांदिनिस्ता पक्षाच्या, आलेमान त्या पक्षाचे कडवे विरोधक. आठ-दहा वर्षांपूर्वी संपलेल्या यादवी युद्धाचे वळ ताजे होते. विरोधी पक्षाच्या बाईने सांगितलेला मृतांचा आकडा राजधानीत पोचेपर्यंत राजकारणाचा आकडा झाला. कुठलीही हानी मोजायला मोजणारा लागतो आणि मोजणाऱ्यावर विश्वास लागतो. तो आपत्तीच्या दिवशी नव्याने तयार करता येत नाही.

मला इथे दरवेळी माळीण आठवतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली आणि जगाला ती बातमी दिली एसटीच्या चालकाने. नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन गेला तर गाव जागेवर नव्हतं. त्याला कोणी पक्ष विचारला नाही. माळीणमध्ये बाकी पुष्कळ चुकलं, पण तो सांगतोय ते खरं धरून यंत्रणा हलली. पोसोल्तेगाच्या नगराध्यक्षेच्या वाट्याला एवढंही आलं नाही.

दरम्यान चिखलात काय चाललं होतं? काही माणसं कमरेपर्यंत, छातीपर्यंत अडकून जिवंत होती, काही तर दिवसच्या दिवस. चिखलावर पाय ठेवला की बचाव करणारा आत जात होता, त्यामुळे जवळ दिसणाऱ्या माणसापर्यंतही पोचणं अवघड. ऊन पडलं तसं मृतदेहांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. रोगराईच्या भीतीने पुष्कळ देह जागच्या जागी इंधन ओतून जाळण्यात आले. ज्या समाजात माणसाला पुरतात, तिथे हे घडलं. आणि २ नोव्हेंबर, सोमवार, मृतांचा दिवस होता. त्या दिवशी निकाराग्वात लोक कबरी झाडून-रंगवून, फुलं ठेवून घरच्यांची आठवण काढतात. पोसोल्तेगात झाडायला कबरी नव्हत्या.

मिचने मध्य अमेरिकेत ११,००० हून अधिक बळी घेतले, त्यातले बहुतेक होंडुरासमध्ये. निकाराग्वाचे सुमारे ३,८००. म्हणजे देशातल्या दर तीन बळींमधले जवळपास दोन या एका लोंढ्याचे. सगळ्या देशावर आठवडाभर कोसळलेल्या वादळाचा हिशोब असा तीन मिनिटांवर येऊन थांबतो.

काय करता आलं असतं, त्या आठवड्यात

वसाहतीची जागा चुकली होती हे एकदा मान्य केलं तरी २४ ते ३० ऑक्टोबर हे दिवस हातात होतेच. डोंगर कधी सुटेल हे सांगता येत नाही, आजही नाही. पाऊस मात्र मोजता येतो. चालू तासाचा पाऊस आणि मागच्या काही दिवसांत जमिनीत मुरलेला पाऊस, या दोन आकड्यांवरून एक रेषा ठरवता येते. रेषा ओलांडली की विचारायचं नाही, माणसं हलवायची. डोंगर पडला नाही तर न पडो. लोक शिव्या देतील, पुढच्या वेळी हलायला कुरकुर करतील. तो त्रास या पद्धतीत गृहीतच असतो. दोनदा उगाच हलवल्यावर तिसऱ्यांदा खरं ठरलं तर तो सौदा स्वस्त आहे, पण तो सौदा लोकांशी कोरड्या दिवसांत करून ठेवावा लागतो. कासिताखालच्या गावांसाठी अशी कुठलीही रेषा ठरलेली नव्हती आणि वादळाचा जोर ओसरल्याच्या बातम्या येत होत्या.

उपकरणांचा भार या कामात फार नसतो. पर्जन्यमापक, वही, आणि रात्री दोन वाजता गाव उठवायचा अधिकार असलेला एक माणूस. यातली तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ.

नंतर

मार्च १९९९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन पोसोल्तेगाला येऊन गेले. मे १९९९ मध्ये स्टॉकहोमला दात्या देशांची बैठक झाली, मध्य अमेरिकेच्या पुनर्बांधणीसाठी अब्जावधी डॉलरची आश्वासनं दिली गेली. वाचलेल्या कुटुंबांसाठी नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. एल टांके ही त्यांतली एक. आधी सहकारी शेतीसाठी वसलेली माणसं दुसऱ्यांदा ‘नव्या गावात’ राहायला गेली.

कायदा झाला, तो टिकला. २००० साली निकाराग्वाने कायदा क्रमांक ३३७ करून आपत्ती प्रतिबंधाची राष्ट्रीय व्यवस्था उभारली. तिचं लघुनाम सिनाप्रेद. महत्त्वाची बाब म्हणजे समित्या थेट तालुक्यापर्यंत नेल्या गेल्या, म्हणजे पुढच्या सेलेदोनबाईंची हाक निदान कुठल्यातरी अधिकृत खिडकीवर पोचावी. इनेतेर या देशाच्या भूगोल आणि हवामान संस्थेने, तसंच अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कासिता आणि सान क्रिस्तोबालच्या भोवती लाहार कुठवर येऊ शकतो याचे नकाशे केले. हे नकाशे बघण्यासारखे असतात. लहान लोंढा इथवर, मधला इथवर, मोठा इथवर, अशी एकात एक बसणारी बोटं डोंगरापासून माळावर पसरलेली दिसतात आणि त्या बोटांवर गावांची नावं असतात.

२०२० च्या नोव्हेंबरात एटा आणि आयोटा ही दोन चौथ्या श्रेणीची वादळं दोन आठवड्यांच्या आत निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर जवळजवळ एकाच ठिकाणी धडकली. हजारो लोक आधीच हलवले गेले होते. बळी मिचच्या तुलनेत फारच थोडे. हे सगळं श्रेय कायद्याला द्यायचं का? नाही देता येणार. मिचसारखी ती रेंगाळली नाहीत आणि पॅसिफिककडच्या मैदानावरचा पाऊसही वेगळा होता. शिवाय आयोटाच्या पावसात मातागाल्पा विभागातल्या पेन्यास ब्लांकास डोंगरावर दरड कोसळून माणसं गेलीच. किनाऱ्यावरची माणसं वाऱ्याच्या भीतीने हलतात, डोंगरातली पावसाच्या भीतीने अजून तितकी हलत नाहीत.

आणि कासिता एकटा राहिला नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये स्टॅन वादळाच्या पावसात ग्वाटेमालाच्या आतित्लान सरोवराकाठी, तोलिमान ज्वालामुखीच्या पायथ्याचं पानाबाख गाव चिखलाखाली गेलं. नोव्हेंबर २००९ मध्ये एल साल्वादोरच्या सान व्हिसेन्ते ज्वालामुखीवरून उतरलेल्या लोंढ्याने व्हेरापास गाठलं. तिन्ही ठिकाणी उद्रेक नव्हता, पाऊस होता. तिन्ही गावं जुन्या लोंढ्यांनी पसरलेल्या मातीवर होती.

पानाबाखमध्ये इतके देह चिखलाखाली राहिले की ती जागाच दफनभूमी मानली गेली. वाचलेले बहुतेक माया वंशाचे, त्सुतुहिल भाषा बोलणारे लोक. त्यांच्यासाठी सरकारने घरं बांधायला घेतली, आणि ती त्याच परिसरात, पुन्हा धोक्याच्या पट्ट्यात उभी राहू लागली. भूवैज्ञानिकांनी हरकत घेतली तेव्हा काम थांबवावं लागलं. घरांसाठी दुसरी जागा शोधली गेली, सरोवराच्या काठानेच पण लोंढ्याच्या वाटेबाहेर, चुकमुक इथे.